अंगणातली कण्हेर, रानातली घाणेरी : फुलझुडपांचा एक इतिहास

१/ दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारखे गाव मे महिन्यात पाहावे. काळ्या जमिनीला खोल भेगा पडलेल्या असतात, रानातला साग निष्पर्ण उभा असतो, पण घरांच्या दारांत कण्हेर, जास्वंद, तगर आणि बोगनवेल हिरवी असतात, फुलतही असतात. पहिला पाऊस पडला की गावाबाहेरच्या धुऱ्यावर आणखी एक झुडूप रंगीत गुच्छांनी भरून जाते : घाणेरी. पहिल्या चौघांना कोणी तरी पाणी घालते, पाचवीला कोणीही विचारत नाही. पण पाचवीसुद्धा एके काळी बागेची शोभा म्हणूनच या देशात आणली गेली होती. या पाच झुडपांच्या वाटा कोठे वेगळ्या झाल्या, याचा हा धागा.

२/ प्रथम ‘सदाहरित’ म्हणजे काय ते पाहू. सदाहरित झुडपाची पाने गळतात, मात्र सगळी एकदम गळत नाहीत. यवतमाळ जिल्ह्याचे नैसर्गिक वन पानगळीचे आहे. उन्हाळ्यात पाने टाकून देणे हा सागाचा पाणी वाचवण्याचा मार्ग. कण्हेरीने दुसरा मार्ग धरला. तिचे पान जाड आणि मेणचट असते. ज्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, ती रंध्रे पानाच्या खालच्या बाजूला केसाळ खळग्यांत दडलेली असतात. त्यामुळे लू वाहत असतानाही ती हिरवी राहू शकते. वैशाखातही दारात हिरवळ असावी ही माणसाची इच्छा होती, आणि ती पुरवणारी झुडपे त्याने जवळून आणि दुरून गोळा केली.

३/ या पाचांत कण्हेरीची नोंद फार जुनी. संस्कृतात तिचे नाव ‘करवीर’. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ती येते, औषध म्हणून येते तशी विष म्हणूनही येते. कोल्हापूरचे ‘करवीर’ हे नाव आपल्या परिचयाचे आहेच. वनस्पती म्हणून तिचा पसारा भूमध्य सागरापासून चीनपर्यंत आहे. तिचे आवडते ठिकाण म्हणजे ओढ्या-नाल्यांचे खडकाळ पात्र, जेथे चार महिने पूर आणि आठ महिने कोरड. विदर्भातले हवामान याहून फार वेगळे नाही. म्हणून अंगणात ती चटकन रुजली, यात नवल नाही.

४/ बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फुलांचे वर्णन करताना ज्या मोजक्या फुलांची नावे घेतली, त्यांत जास्वंद आणि कण्हेर आहेत. जास्वंदीचा लाल रंग, मधोमध वर आलेला दांडा आणि फूल लवकर कोमेजते ही गोष्टही तो टिपतो. १५२८ मध्ये तो ग्वाल्हेरला गेला तेव्हा तेथील गडद लाल कण्हेर त्याला इतकी आवडली की काही झाडे आग्र्याला नेऊन त्याने आपल्या बागांत लावली. साम्राज्याच्या संस्थापकाने चांगल्या रंगाचे झाड दिसताच ते घरी नेणे, हे आजच्या कोणत्याही बागवेड्या शेजाऱ्यासारखेच आहे.

५/ पुढे अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त फुलांची यादी दिली. तीत ‘कनेर’ आणि ‘गुढल’ म्हणजे जास्वंद ही दोन्ही नावे सापडतात. याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे, आणि त्यात ‘कळम’ हे सरकार येते. तो आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील कळंबचा परिसर. फुलांची यादी आणि महसुलाचे कोष्टक एकाच ग्रंथात असावे, याचा अर्थ लक्षात घ्यावा. भूमीवर काय उगवते याची मोजदाद हा राज्यकारभाराचाच भाग होता.

६/ आता जास्वंद. १७५३ मध्ये लिनिअसने तिला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ ‘चीनचा गुलाब’. मात्र तिची रानटी अवस्था कोठेही निश्चितपणे सापडत नाही. माणसाच्या हातून हातात जात ती इतकी दूर फिरली आहे की तिचे माहेर सांगणे कठीण. भारतात ती शतकानुशतके आहे. संस्कृतात ती ‘जपा’, आणि आपल्याकडे गणपतीला लाल जास्वंदच हवी. ज्या फुलावाचून आपली पूजा अपुरी वाटते, त्याच्या नावात युरोपने चीन घातला.

७/ लिनिअसने भारतीय वनस्पतींसाठी ज्या ग्रंथाचा आधार घेतला तो ‘हॉर्टस मलबारिकस’, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेले १२ खंड. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तो सिद्ध करवला. त्यात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे ज्ञान आहे. तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणीभाषक वैद्यांचेही आहे. त्यांनी १६७५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र कोंकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापले आहे. आपल्या लिपीच्या मुद्रणाच्या इतिहासातील हा एक फार जुना नमुना, आणि तो झाडांच्या ग्रंथात आहे.

८/ या ग्रंथात जास्वंद येते ती दक्षिणेतील ‘चेंबरत्ती’ या नावाने. त्याचा शब्दार्थ ‘लाल कापूस’. यवतमाळच्या माणसाने येथे थोडे थांबावे. कपाशी आणि जास्वंद एकाच कुळातील आहेत. दोन्हींच्या फुलात पुंकेसरांची नळी मध्यभागी असते, आणि पाच पाकळ्या एकमेकींवर वळून आलेल्या असतात. वनस्पतिशास्त्राने हे कुळ बांधण्याच्या कितीतरी आधी लोकांनी ते नाते डोळ्यांनी ओळखले होते आणि नावात जपून ठेवले होते.

९/ पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, ही आणखी बोलकी साक्ष. शंकराला वाहिले जाणारे हे फूल आपण अनादि काळापासूनचे मानतो. प्रत्यक्षात हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. १५५५ मध्ये ब्राझीलला गेलेल्या आंद्रे थेवे या फ्रेंच धर्मगुरूच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव आले. आपल्याकडे पोचल्यावर लोकांनी पाने पाहिली, चीक पाहिला, विषारीपणा ओळखला आणि त्याला कण्हेरीच्या घरात घेतले. हे वर्गीकरण चुकीचे नव्हते, कारण दोन्ही झाडे खरोखरच एका कुळातली आहेत. परंपरा नवे कसे सामावून घेते, याचे यापेक्षा सोपे उदाहरण मिळणार नाही.

१०/ एकोणिसाव्या शतकात झाडांच्या प्रवासाला वेग आला. कोलकात्याजवळ शिबपूरची वनस्पती-बाग कंपनी सरकारने १७८७ मध्ये उभारली होती. १८३३ मध्ये लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने काचेच्या बंद पेट्यांतून जिवंत रोपे जहाजाने सिडनीला पाठवली आणि ती सुखरूप पोचली. पेटीतली वाफ पुन्हा पाणी होऊन मातीत मुरत असे. खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई या समुद्रप्रवासातील दोन्ही अडचणी त्यामुळे टळल्या. चहा, सिंकोना आणि रबर यांची स्थलांतरे अशा पेट्यांनी सुकर केली, आणि शोभेची झुडपेही त्याच वाटेने फिरली.

११/ महाराष्ट्रातही बागांची साखळी उभी राहिली. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात वनस्पती-बाग सुरू झाली. १८३० मध्ये मुंबईत पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था निघाली आणि तिच्या प्रयत्नांतून भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. पुण्यात गणेशखिंडीची बाग १८७३ ची. नागपूरची महाराजबाग मुळात भोसल्यांची, पुढे ती कृषी महाविद्यालयाकडे आली. या बागांतून रोपे बंगल्यांत, छावण्यांत आणि सिव्हिल लाइन्समध्ये गेली. माळ्यांच्या ओळखीने आणि शेजाऱ्याच्या फांदीने ती पुढे गावोगावच्या अंगणांत पोचली.

१२/ दापोडीच्या बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे या कथेतील महत्त्वाचे पात्र. एका हाताने ते परदेशी झाडे लावून पाहत, वाटत. १८४७ मध्ये त्यांनाच मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमण्यात आले. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, असे ते सरकारला कळवत होते. बाग आणि रान ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे होती, पण बागेतले झुडूप कधी रानाचा प्रश्न होईल, ही शक्यता त्या काळाच्या विचारात जवळजवळ नव्हती. त्या पिढीला धोका दिसत होता तो कुऱ्हाडीचा. पक्ष्याच्या चोचीतून जाणाऱ्या बीचा धोका दिसायला आणखी बराच काळ जावा लागला.

१३/ बोगनवेल याच प्रवाहातली. १७६७ मध्ये बोगनव्हिल याच्या पृथ्वीप्रदक्षिणेवर असलेल्या फिलिबेर कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे नमुने रिओ दि जानेरोजवळ गोळा केले. त्याची सहायक झान बारे पुरुषवेषात जहाजावर होती. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री तीच. १७८९ मध्ये झाडाचे नाव ग्रंथात आले ते मात्र मोहिमेच्या नायकाचे. भारतात बोगनवेल एकोणिसाव्या शतकात आली. तिचा रंग फुलांचा नसतो. खरे फूल मधले बारीक, पांढरट असते आणि त्याभोवतीची कागदासारखी रंगीत पाने म्हणजे छदे.

१४/ आता घाणेरी, काही भागांत टणटणी. हीदेखील उष्ण अमेरिकेतील. युरोपच्या काचघरांत तिचे अनेक रंगांचे संकर झाले, आणि १८०९ च्या सुमारास ती कोलकात्याच्या बागेत आली. गुण पाहिले तर आदर्श कुंपण : वर्षभर हिरवी, एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुले, काटेरी खोड, गुरे तोंड लावत नाहीत, पाणी मागत नाही. ज्या गुणांसाठी आपण आज कण्हेर निवडतो, बहुतेक त्याच गुणांसाठी तेव्हा घाणेरी निवडली गेली. निवड करणारे मूर्ख नव्हते. त्यांनी फूल, पान, काटा सारे तपासले, मात्र फळाकडे पुरेसे पाहिले नाही.

१५/ घाणेरीचे फळ लहान, काळे, गोडसर असते. बुलबुलासारखे पक्षी ते खातात आणि बी दूर टाकतात. त्याच शतकात जहाजे, रेल्वे आणि इंधन यांसाठी जंगले विरळ होत होती, जमिनीवर ऊन पोचू लागले होते. घाणेरीला नेमके तेच हवे होते. तोडली तर बुंध्यातून फुटते, जाळली तरी पुन्हा येते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतातील व्याघ्र-अधिवासाच्या सुमारे ४० टक्के क्षेत्राला तिच्यापासून धोका असल्याचे मांडले. तिच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही. गवत नसेल तर चितळ नाही, आणि चितळ नसेल तर वाघ काय खाणार? यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात वाघ आहेत, म्हणून हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही.

१६/ येथे दोन सोपे निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पहिला : परदेशी झाड तेवढे वाईट. पण मग बोगनवेल, बिट्टी, एवढेच काय, जिल्ह्याच्या शेतांत आज उभी असलेली अमेरिकन जातीची कपाशीही बाहेरचीच. दुसरा : फुलते ना, मग लावा. घाणेरीही फुलतच होती. इतिहास या दोहोंहून वेगळा प्रश्न विचारायला शिकवतो : हे झाड कुंपण ओलांडते का? आपल्याकडच्या बहुतेक बोगनवेलींना बी क्वचितच धरते आणि त्या फांदीपासूनच वाढवाव्या लागतात. दुहेरी जास्वंदीचेही तसेच. ही झाडे माणसाच्या हातावर अवलंबून राहिली. घाणेरीला त्या हाताची गरज उरली नाही. पाहुणा आणि आक्रमक यांच्यातील सीमा जन्मस्थानावरून ठरत नाही, वर्तनावरून ठरते.

१७/ ‘माणसाचा हात’ म्हणताना तो कोणाचा, हेही विचारले पाहिजे. ग्रंथांवर नावे आहेत गिब्सन यांची, किंवा पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि भारतातील बागकामावर पुस्तक लिहिणाऱ्या मार्शल वुड्रो यांची. दापोडीच्या झाडांची १८४७ ते १८५० मध्ये काढलेली सुंदर जलरंग चित्रे एडिंबरोच्या वनस्पती-बागेत जपली आहेत, मात्र ती काढणाऱ्या इंडो-पोर्तुगीज चित्रकाराचे नाव ठाऊक नाही. आणि रोज कुदळ धरणारा माळी तर नोंदीतही नाही. ज्योतिराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशवाईत पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्याने ‘फुले’ रूढ झाले. बागकामाच्या त्या अनाम परंपरेने आपल्या हाती दिलेले हे एक नाव.

१८/ आता निगा. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात आकसून मुळे तोडते, दोन्ही झुडपांना घातक. म्हणून मे महिन्यात दीड-दोन फुटांचा खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा. पाऊस स्थिरावला की तळाशी विटांचे तुकडे, वर माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू किंवा मुरूम मिसळून भरावा. रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडे उंचावर बसवावे, म्हणजे बुंध्याशी पाणी साचत नाही. उन्हाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन द्यावे. पाणी रोज थोडे देण्यापेक्षा काही दिवसांनी भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात.

१९/ प्रत्येक झुडपाचा स्वभाव मात्र निराळा. कण्हेर नव्या फुटीवर फुलते, म्हणून पावसाच्या तोंडाशी छाटावी. तगरीला हलकी सावलीही चालते, तिला फक्त आकारापुरते कापावे. बोगनवेलीला ताण हवा. सतत पाणी दिले तर पाने माजतात आणि रंग रुसतो. बहर संपल्यावर छाटावे, आणि पुढच्या बहराआधी पाणी कमी करावे. जास्वंदीला उलट ताण सोसत नाही, पाण्यात अनियमितपणा आला की कळ्या गळतात. चुनखडी असलेल्या काळ्या जमिनीत तिची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ही लोहाची कमतरता. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. शेणखत वाढवावे आणि गरजेनुसार फेरस सल्फेटचे सौम्य द्रावण फवारावे.

२०/ जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. येथे ‘लाल कापूस’ या नावाचा अर्थ वेगळ्या रीतीने पटतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारतातील कपाशीवर ज्या पिठ्या ढेकणाने धुमाकूळ घातला, तो मूळचा उत्तर अमेरिकेतला, आणि त्याला जास्वंदही चालते. म्हणजे अंगणातले झुडूप आणि शेतातले पीक यांच्यात कुंपण आहे ते आपल्यासाठी, किडीसाठी नाही. पाण्याच्या जोरदार धारेने पुंजके धुवावेत, फार लागण झालेली फांदी कापून नष्ट करावी, ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा आणि मुंग्यांकडे लक्ष ठेवावे. त्या या किडीची राखण करतात.

२१/ एक इशारा, जो चरक-सुश्रुतांच्या काळापासून लागू आहे. कण्हेर आणि बिट्टी यांचा प्रत्येक भाग विषारी असून ते विष हृदयावर काम करते. छाटलेल्या फांद्या शेळ्या-गुरांच्या वाटेत टाकू नयेत, त्या जाळून धूर घेऊ नये, चीक लागला तर हात धुवावेत, आणि बिट्टीची फळे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. याच विषामुळे गुरे तिला तोंड लावत नाहीत, म्हणून महामार्गांच्या दुभाजकांवर तिच्या रांगा दिसतात. आणि तीच विषारी पाने खाऊन ‘कॉमन क्रो’ या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. विष कोणासाठी, हेही सापेक्षच.

२२/ तेव्हा रोपवाटिकेतून नवे झुडूप घेताना रंगाआधी तीन प्रश्न विचारावेत : याला फळ धरते का? ते पाखरे नेतात का? आणि आपण पाणी तोडले तर हे मरेल की पसरेल? एकोणिसाव्या शतकात हे प्रश्न विचारण्याइतका अनुभव कोणाकडे नव्हता, आपल्याकडे तो आहे. धुऱ्यावरची घाणेरी उपटायची असेल तर पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर, फळे धरण्यापूर्वी, मुळासकट उपटावी. नुसती कापली तर ती दुप्पट जोमाने येते. रिकाम्या जागी कण्हेरीची हातभर फांदी खोचता येईल, ती त्याच पावसात रुजते. धागा समाप्त. आपल्या अंगणातले सर्वांत जुने फुलझुडूप कोणते, आणि ते कोणी, कोठून आणले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली जरूर लिहा.